तांबं काळं पडू नये म्हणून

मार्तंड केळुसकरांच्या घरातल्या वस्तू वापरून खराब होत नसत. न वापरता जुन्या होत. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत असे आणि पिशवीला रबरबँड असे. सोफ्यावर दुकानातून आलेलं प्लास्टिक होतं आणि त्या प्लास्टिकवर चादर होती, प्लास्टिक मळू नये म्हणून. फ्रिजच्या दारावरची पातळ फिल्म कोपऱ्यांतून सुटायला लागली तेव्हा मार्तंडरावांनी तिला चिकटपट्टी लावून आधार दिला होता. पुढे तो फ्रिज भंगारात गेला. नेणाऱ्यालाही वाटलं, दार नवं बसवलंय. घरात रोजच्या रोज बिनकव्हरची वापरली जाणारी गोष्ट एकच, ती म्हणजे त्यांची पत्नी सुहासिनी.

सुहासिनीबाई बँकेत कॅशिअर होत्या. निवृत्त झाल्यावर बोरीवलीतली बाई जे जे करते ते त्यांनी करून पाहिलं. नातवंडं सांभाळावीत तर मुलाने अजून एकही दिलं नव्हतं, योगासनांना गुडघे तयार नव्हते, आणि भजनी मंडळात पेटीवाल्या बाईंशी एकदाच, पण कायमचं बिनसलं. मग यज्ञेश, म्हणजे मुलगा, बेंगळुरूला जाताना जो जुना लॅपटॉप टाकून गेला होता तो त्यांनी एका दुपारी उघडला. त्यात एक खेळ होता. पाच जण एका बाजूला, पाच जण दुसऱ्या बाजूला. पडक्या कारखान्यात एकमेकांना हुडकायचं आणि उडवायचं.

बाईंना तो खेळ लगेच जमला. यात नवल काही नव्हतं. समोरचा माणूस पैसे भरायला आलाय की भांडायला, हे त्याने तोंड उघडण्याच्या आत ओळखण्यात त्यांची हयात गेली होती, आणि बोटं नोटा मोजून तयार झालेली. खेळाडू कमी पडले की अनोळखी माणूस कोणत्याही संघाला जोडला जातो, तशा त्या एकदा कांदिवलीच्या प्रांजलच्या संघाला जोडल्या गेल्या. त्यांनी माइक चालू करून हॅलो म्हटलं.

"आंटी, गेम चुकून लागला का तुमच्याकडून?" प्रांजलने विचारलं.

"चुकून तू उभा राहिलायस त्या पिंपामागे," बाई म्हणाल्या. "उडणार आहे ते."

ते उडालं. त्या दिवसापासून काकू संघात.

आता रोज दुपारी चार पोरं त्यांची वाट बघत. घरातही लोक त्यांची वाट बघत असत, पण ती चहासाठी. इथे कोणी तरी म्हणायचं, "काकू आल्याशिवाय आत घुसायचं नाही रे." अशी वाट बाईंची आजवर कोणी पाहिली नव्हती, आणि साठीच्या उंबऱ्यावर ती सवय फार लवकर लागते.

मग खेळाची नवी आवृत्ती आली आणि जुन्या लॅपटॉपने हात टेकले. संघ ज्या स्पर्धेत उतरला होता तिचा उपांत्य सामना रविवारी चार वाजता होता. प्रांजल चांगला मुलगा, पण कप्तान.

"काकू, रविवारी तुम्ही नसलात तर सर्वेशला घ्यावं लागेल. आणि मग सीझनभर तोच राहील. मला पण चारदा टीम बदलता येत नाही ना."

सर्वेश हा राखीव खेळाडू. तो रोज सरावाला येऊन बसायचा आणि कोणाला साधा खोकला आला तरी आस्थेने चौकशी करायचा.

म्हणून नवा कॉम्प्युटर. बाईंनी तसं जाहीर केलं तेव्हा मार्तंडरावांनी विरोध केला नाही. फक्त खातं आपल्याकडे घेतलं. ते एका सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते आणि बोरीवलीत बाभईतल्या त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. तळमजल्यावरचे हर्षदभाई, ज्यांचं स्टेशनजवळ इलेक्ट्रिकचं दुकान आहे, म्हणाले, "मार्तंडभाई, माझ्या ओळखीचा आहे एक. जोडून, चालवून, घरपोच देईल. कशाला डोक्याला ताप?"

"दुसऱ्याने जोडलेल्या वस्तूच्या आत काय आहे, याची जबाबदारी कोण घेणार?" मार्तंडरावांनी विचारलं. हर्षदभाईंना घ्यायची नव्हती. विषय संपला.

खोकी आली. मार्तंडरावांनी अभ्यास म्हणून व्हिडिओ पाहिले. त्यातला गोरा मुलगा वस्तू बाहेर काढून रिकामी खोकी खांद्यावरून मागे भिरकावत होता. ते दृश्य पाहून त्यांना मध्येच उठून पाणी प्यावं लागलं. पण शनिवारी दुपारी, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं अंथरून, आंघोळ करून, ते कामाला बसले आणि काम त्यांनी खरोखर नेटकं केलं. प्रोसेसर बसवताना स्वतः श्वास रोखला. रॅमच्या पट्ट्या बसवताना सुहासिनीबाईंना रोखायला लावला. एकेक वायर अशी बांधली की तिला पळून जायचा विचारसुद्धा येऊ नये.

राहिला कूलर. प्रोसेसर म्हणजे त्या यंत्राचं डोकं, आणि ते तापतं. त्यावर कूलरचा तांब्याचा तळ टेकवायचा, मध्ये थेंबभर राखाडी पेस्ट लावायची. तांबं उष्णता ओढून घेतं, वरचा पंखा ती बाहेर फेकतो. मार्तंडरावांनी कूलर उलटा केला. तळ लखलखत होता, आणि त्याच्यावर एक पारदर्शक प्लास्टिक होतं. प्लास्टिकवर लाल इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं की बसवण्यापूर्वी हे काढून टाकावे.

ते त्यांनी वाचलं. नीट, दोनदा वाचलं. हे सांगायला हवं, कारण पुढे ते नजरचुकीचं ठरवायचा एक प्रयत्न झाला. नजरचूक नव्हती ती, निर्णय होता. नोकरीच्या सगळ्या काळात 'त्वरित' असं लिहिलेला एकही कागद त्यांनी त्वरित हलवलेला नव्हता आणि त्याने कोणाचं बिघडल्याचं त्यांच्या कानावर आलं नव्हतं. शिवाय हे तांबं होतं. देवघरातलं ताम्हन आणि पळी-पंचपात्र चिंचेने घासण्यात आपल्या आईचे हात कसे गेले हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. उघडं तांबं काळं पडतं. त्या गोऱ्या मुलाला ते ठाऊक असायचं कारण नाही; तो वर्षभरात नवं घेईल. आपल्याला हे मशीन टिकवायचंय. प्लास्टिक इतकं पातळ की उष्णतेला अडवून अडवणार किती?

त्यांनी पेस्ट लावली, प्लास्टिकसकट कूलर टेकवला आणि चारी स्क्रू आवळले. आणि एक समाधानाचा सुस्कारा सोडला, जो सुहासिनीबाईंना काम संपल्याचा वाटला.

संध्याकाळी यंत्र आतल्या खोलीत नेऊन त्याची पूजा झाली. कुंकू, अक्षता, नारळ. दुसऱ्या मजल्यावरचे कुंडलिक राऊत हजर होते; ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, आणि सोसायटीत कुठलीही वस्तू चालू किंवा बंद होताना ते हजर असत. बटण दाबलं. पंखे फिरले, आत निळे, हिरवे, गुलाबी दिवे लागले. कुंडलिकराव म्हणाले, "मखरच की हो!" टाळ्या पडल्या. सुहासिनीबाईंनी खेळ चालू केला, कारखान्याच्या फाटकापाशी पोचल्या, आणि अंधार झाला.

पुन्हा चालू केलं. फाटक, अंधार.

"नवीन आहे," मार्तंडराव म्हणाले. "रुळायला वेळ लागतो."

रविवारी सकाळपर्यंत ते रुळलं नाही. नुसतं चालू ठेवलं तर बिचारं तग धरायचं. खेळ सुरू केला, डोक्याला जरा काम पडलं, की मान टाकायचं. सुहासिनीबाई खुर्ची सोडायला तयार नव्हत्या. आणि बातमी जिन्याने खाली-वर गेली.

सर्वांत आधी कुंडलिकराव आले. "अर्थिंग," ते दारातूनच म्हणाले. त्यांच्या मते जगातल्या कोणत्याही बिघाडाला अर्थिंगखेरीज कारण नसतं. आपल्या मुलीचं लग्न मोडलं तेव्हाही ते काहीसं असंच म्हणाल्याचं आठवतं. मागोमाग हर्षदभाई आले आणि व्होल्टेज म्हणाले. मग दोघांनी मिळून हा प्रश्न अर्थिंगचा की व्होल्टेजचा यावर पोह्यांच्या दोन दोन बशा संपवल्या. मध्येच कुंडलिकरावांनी टॉर्च मारून आत पाहिलं आणि ओरडले, "सापडलं!"

पंख्याच्या पात्यांत कालच्या पूजेतला एक तांदळाचा दाणा होता. चिमट्याने तो बाहेर काढला गेला, वाटीत ठेवला गेला, सगळ्यांनी पाहिला. मशीन चालू केलं. फाटक, अंधार.

"निदान एक कारण कमी झालं," कुंडलिकराव म्हणाले.

शेवटी सुहासिनीबाईंनी यज्ञेशला व्हिडिओ कॉल लावून फोन साखरेच्या डब्याला टेकवला. यज्ञेश सॉफ्टवेअरमध्ये होता. म्हणजे कॉम्प्युटरच्या आत काय असतं याच्याशी त्याचा तसा संबंध नव्हता, पण हे आईवडिलांना सांगून उपयोग नसतो.

"आई, चालू होताना डिलीटचं बटण दाबत राहा. निळा स्क्रीन येईल. त्यात टेम्परेचर लिहिलेलं असेल. किती आहे?"

"सत्त्याण्णव."

"फॅरनहाइट?"

"पुढे सी आहे रे."

"आयला!" यज्ञेश खुर्चीत सरळ झाला. "अगं चहा होईल त्याच्यावर. म्हणून स्वतःहून बंद होतंय ते, जळू नये म्हणून. कूलर नीट बसलेला नाही. बाबा कुठेत? बाबा, कूलरच्या खाली प्लास्टिक असतं बघा एक. ते काढलंत ना?"

खोलीत सगळ्यांनी मार्तंडरावांकडे पाहिलं. कुंडलिकराव, हातात पोह्याचा चमचा. हर्षदभाई. साखरेच्या डब्याला टेकलेला मुलगा. आणि सुहासिनीबाई, ज्या काल श्वास रोखून बसल्या होत्या.

मार्तंडरावांना त्या क्षणी सगळं कळलं. सत्त्याण्णव अंश कुठे कोंडलेत ते त्यांना डोळ्यांसमोर दिसलं. एक शब्द बोलायचा होता.

"म्हणजे काय!" ते म्हणाले. "वाचता येतं मला."

"तसं नाही बाबा, पण लोक विसरतात म्हणून—"

"लोक विसरत असतील."

"मग पेस्ट कमी पडली असेल. नाही तर कूलरच डिफेक्टिव्ह. बदलून मागवा, दोन-तीन दिवसांत येईल."

"दोन-तीन दिवसांत?" सुहासिनीबाई म्हणाल्या. "अरे मॅच आज चारला आहे!"

यज्ञेशने खांदे उडवले आणि त्याला दुसरा कॉल आला.

आता मार्तंडरावांना एकच गोष्ट हवी होती: रिकामी खोली. जरासा एकांत, एक स्क्रू ड्रायव्हर, आणि इज्जत शाबूत ठेवून सगळं सुरळीत. पण रविवारी बोरीवलीतल्या घरात, समोर बंद पडलेली वस्तू असताना, एकांत मिळणं फार कठीण.

"कुंडलिकराव," ते गंभीरपणे म्हणाले, "मला तुमचं पटतंय. अर्थिंगच असावं. तुम्ही आणि हर्षदभाई खाली मीटर रूममध्ये जाऊन बघता का?"

कुंडलिकरावांच्या चेहऱ्यावर आयुष्याचं सार्थक झाल्यासारखा भाव आला. "चला!"

"तुम्ही पुढे व्हा."

"पुढे कसे? किल्ली सेक्रेटरीकडे. आणि सेक्रेटरीशिवाय मीटर रूम उघडायची नाही, असा ठराव तुमचाच."

ठराव त्यांचाच होता. मार्तंडराव मीटर रूममध्ये गेले. तिथे, जिथे ते प्लास्टिक नव्हतं अशा जगातल्या असंख्य जागांपैकी एका जागी उभं राहून, त्यांनी कुंडलिकरावांचं अर्थिंगवरचं संपूर्ण विवेचन ऐकलं. हर्षदभाईंनी टेस्टर लावला. अर्थिंग उत्तम होतं. कुंडलिकराव म्हणाले, उत्तम दिसतंय हेच संशयास्पद आहे.

वर आल्यावर त्यांनी दुसरा मार्ग धरला. "अगं, तू जरा पड. सकाळपासून बसलीयस. चारला ताजीतवानी हवीस."

"मला नाही झोप येत."

"मग देवळात जाऊन ये."

सुहासिनीबाईंनी मान वळवून पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि नवऱ्याने आपणहून देवळात जा म्हटल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"अहो, तुमचं काय चाललंय?"

"कुठे काय."

"मला खोलीतून का घालवताय?"

"मी? मी कशाला—" मार्तंडरावांनी खिडकीचा पडदा विनाकारण सरळ केला. "हवा खेळती राहावी म्हणून. माणसांची पण उष्णता असते."

हे हर्षदभाईंना एकदम पटलं. ते धावत गेले आणि दुकानातला मोठा टेबलफॅन घेऊन आले, आणि तो मशीनच्या तोंडासमोर लावल्यामुळे खोलीत आणखी एक माणूस कायमचा बसला, कारण फॅनचं बटण सैल होतं आणि ते हर्षदभाईंनाच धरून ठेवावं लागत होतं.

चार वाजले. सुहासिनीबाईंनी कानाला हेडफोन लावले.

"काकू, मशीन ओके ना?" प्रांजलचा आवाज.

"चालतंय तोवर चालतंय रे. बंद पडलं की परत येईन."

"काकू, असं नका ना बोलू यार."

सामना तीन खेळांचा. पहिल्या खेळात बाई आत शिरल्या, फाटकापाशी एकाला टिपलं, जिन्याशी दुसऱ्याला. कुंडलिकराव म्हणाले, "वा!" अंधार झाला. यंत्र पुन्हा सुरू होऊन त्या आत पोचेपर्यंत संघातले दोघे मेले होते. पुन्हा अंधार. तिसऱ्यांदा त्या आत आल्या तेव्हा पडद्यावर पराभवाची पाटी होती.  

"काकू," प्रांजल म्हणाला, "सॉरी हां. दुसऱ्या गेमला सर्वेश बसतोय. तिसरा झाला तर बघू. पण आज जो शेवटपर्यंत खेळेल तोच पुढे, हे आधीच ठरलंय ना."

"काकू, तब्येत ठीक ना तुमची?" सर्वेशने मध्येच आस्थेने विचारलं.

सुहासिनीबाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. बँकेत कधी हिशेब जुळला नाही, की त्या तो जुळेपर्यंत जागच्या हलत नसत. आज त्यांच्या हातात जुळवायला काहीच नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला आणि बंद पडद्याकडे बघत बसल्या. रडल्या असत्या तर मार्तंडरावांनी निभावून नेलं असतं. रडणाऱ्या माणसाला पाणी देता येतं.

"काढलं नाही," ते म्हणाले.

"काय?"

"प्लास्टिक."

"कुठलं?" बाईंनी विचारलं. त्या घरात हा प्रश्न रास्त होता.

"कूलरखालचं. ते तांब्याचं आहे गं. काळं पडलं असतं."

मग कुंडलिकराव घसा साफ करून म्हणाले, "नाही, म्हणजे, मुद्दा चुकीचा नाहीये. तांबं पडतंच काळं."

"बराबर आहे," हर्षदभाई म्हणाले. "माझ्या गाडीच्या सीटवरचं मी अजून ठेवलंय. उन्हाळ्यात थोडी पाठ भाजते, पण सीट बघा एकदा, शोरूम!"

"चूक कंपनीची," कुंडलिकरावांना आता सूर सापडला. "काढायचंच आहे तर लावता कशाला? आणि लावता तर असं लावा की राहिलं तरी चाललं पाहिजे. आपल्याकडची माणसं काढणार नाहीत, हे त्यांना कळायला नको?"

सगळ्यांना एकदम फार हलकं वाटलं. दोषी सापडला होता आणि तो परदेशात होता. मार्तंडरावांच्या खांद्यावर हर्षदभाईंनी हातसुद्धा ठेवला.

"झालं?" सुहासिनीबाईंनी विचारलं. "आता स्क्रू काढा."

स्क्रू निघाले. कूलर उचलला तेव्हा प्लास्टिक सुरकुतून, पेस्टने माखून, पाटाला चिकटलेल्या पापडासारखं तळाला धरून होतं. बाईंनी नखाने कोपरा उचलला आणि ते सोलून टाकलं. जुनी पेस्ट पुसायला स्पिरिट हवं होतं; कोविडच्या काळातलं सॅनिटायझर निघालं, कारण ते अर्थातच जपून ठेवलेलं होतं. पेस्टही अर्धी ट्यूब शिल्लक होती, कारण मार्तंडरावांनी पहिल्या वेळी काटकसरीनेच लावली होती. ज्या स्वभावाने घोटाळा केला त्याच स्वभावाने तो निस्तरला, ही गोष्ट त्यांनी मोठ्याने बोलून दाखवायला तोंड उघडलं आणि बायकोकडे पाहून मिटलं.

मशीन सुरू झालं. त्रेचाळीस अंश. बाईंनी सरावाचा कारखाना उघडला, फाटकातून आत गेल्या, जिना चढल्या, गच्चीवर गेल्या, खाली उतरल्या. उजेड होता.

त्यांनी हेडफोन लावले. दुसरा खेळ नुकताच संपला होता आणि सर्वेशला घेऊन संघ जिंकला होता. सर्वेश वाईट खेळला नव्हता. हीच खरी पंचाईत होती.

"प्रांजल, झालं दुरुस्त. मी येते."

"काकू..." प्रांजल चाचरला. "तिसरा गेम परत कारखान्यातच आहे, मला तुम्हीच हव्यात. पण परत बंद पडलं तर? पोरं चिडलीयेत ऑलरेडी. काय झालं होतं नक्की, कळलं का? म्हणजे परत होणार नाही हे मी त्यांना काय सांगू?"

सुहासिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग हेडफोन काढले, त्यांच्या डोक्यावर ठेवले आणि माइक त्यांच्या तोंडाशी वळवला. "सांगा."

मार्तंडरावांनी उभं राहून शर्टाचं वरचं बटण लावलं.

"नमस्कार. मी मार्तंड केळुसकर बोलतोय, निवृत्त अधीक्षक. सदर बिघाडास खेळाडू जबाबदार नाही. कूलरच्या तळाशी संरक्षक प्लास्टिक होतं. ते अनवधानाने राहून गेलं."

"अनवधानाने?" बाई मागून म्हणाल्या.

पलीकडे पाच पोरं ऐकत होती. इथे खांद्यावर हात ठेवायला हर्षदभाई होते. तिकडे कोणाच्याच गाडीच्या सीटवर काही नव्हतं.

"राहून नाही गेलं," मार्तंडराव म्हणाले. "मी ठेवलं. वाचून ठेवलं. आणि सकाळी विचारलं तेव्हा काढलंय म्हणून सांगितलं. तेव्हाच बोललो असतो तर तुमचा पहिला गेम गेला नसता."

पलीकडे कोणीतरी फुसकन हसलं, आणि मग सगळेच. हेडफोनमध्ये हसणं फार जवळून येतं, हे मार्तंडरावांना नव्याने कळलं.

"अंकल, अंकल, एक मिनिट," प्रांजलने हसू आवरत विचारलं, "अजून कुठे काही काढायचं राहिलंय का? आत्ताच सांगा हां. पंखे? ग्राफिक कार्ड?"

मार्तंडरावांनी मशीनकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्यांना एखाद्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर द्यावंसं वाटत होतं.

"ग्राफिक कार्डावरचं आहे, पण ते बाजूला. कॅबिनेटच्या काचेवरचं आहे. आणि मॉनिटरवरचं."

"मॉनिटरवर? म्हणजे समोर? स्क्रीनवर? काकू, तुम्ही प्लास्टिकमधून खेळत होतात?"

हेडफोनमधला तो आवाज इतका चढला की बाईंनाही ऐकू गेला. त्या मॉनिटरच्या जवळ गेल्या. नखाने कोपरा चाचपला.

"मला वाटलं मोतीबिंदू वाढला," त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी एका हिसक्यात ते ओढलं. नवी साडी फाडावी तसा आवाज झाला. मार्तंडरावांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पडद्यावरचा कारखाना इतका स्वच्छ होता की भिंतीवरची वीटन् वीट दिसत होती, आणि बाई त्याच्याकडे माहेरच्या अंगणाकडे बघावं तशा बघत होत्या.

"काकू, या," प्रांजल म्हणाला. "सर्वेश, ऊठ रे."

बाईंनी हेडफोन परत घेतले, खुर्ची पुढे ओढली. तिघे पुरुष आपसूक मागे येऊन उभे राहिले. कुंडलिकरावांनी पडद्याकडे बोट दाखवून, "डावीकडून जा, डावीकडून," एवढं म्हटलं असेल नसेल.

"बाहेर," बाई म्हणाल्या. "सगळे. दार लावून घ्या."

हॉलमध्ये तिघे सोफ्यावर बसले. दाराआडून जो आवाज येत होता तो मार्तंडरावांच्या ओळखीचा नव्हता. "मागून येतोय रे, मागून! अरे बस खाली! वाट लावली ना! प्रांजल, तू थांब, मी जाते!" मध्येच एक मोठं हसू. मार्तंडरावांनी तीसेक वर्षं या बाईबरोबर संसार केला होता आणि ती अशी खालपासून वर खदखदून हसते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. कुंडलिकराव कुजबुजले, "वहिनी रागावल्यात का?" मार्तंडराव म्हणाले, "नाही." आणि दाराकडे बघत पुन्हा म्हणाले, "नाही."

मग आत शांतता झाली. दार उघडलं. बाईंचे केस विस्कटले होते, चष्मा कपाळावर होता.

"हरलो," त्या म्हणाल्या. चेहरा मात्र न्हाऊन आल्यासारखा. "शेवटी मी एकटी उरले होते, समोर तिघे. दोघांना उडवलं. तिसरा जिन्याखाली लपला होता, मेला. दिसलाच नाही."

कुंडलिकराव सांत्वनाला पुढे सरसावले, पण कोणाचं करायचं ते त्यांना कळेना.

"मग?" मार्तंडरावांनी विचारलं. "तुझी जागा?"

"माझी काय, आहे की." बाई स्वयंपाकघराकडे वळल्या, उभ्याने गटागट पाणी प्यायल्या आणि तांब्या ओट्यावर ठेवून पुन्हा खोलीकडे निघाल्या. "सर्वेश राखीवच. पुढच्या रविवारी तिसऱ्या नंबरची मॅच आहे, दुपारी एकला. म्हणजे सकाळभर सराव. जेवणाचं तुम्ही बघा."

दार पुन्हा लागलं. आतून प्रांजल काहीतरी विचारत असावा, कारण बाई म्हणाल्या, "नाही रे, जेवणाचं यांना सांगितलंय. थांबा, आलेच."